शेवटच्या बोल्टाची रेघ

नाही हो, मशीन खोटं बोलत नाही, खोटं मित्र बोलतात. पस्तीस हॉर्सपॉवर कुणी सांगितले तुम्हाला — चहा पिताना? मग बरोबर आहे, दुसऱ्या कपाला चाळीससुद्धा होतात. इथं बाइकचं मागचं चाक या रोलरवर पळतं, पडद्यावर रेघ उमटते, आणि ती म्हणते बावीस. हिरमुसू नका. कंपनीतून निघाली तेव्हा सतराची होती बिचारी — मोठा पिस्टन, नवा कॅम, मोकळा सायलेन्सर, त्यावर बावीस म्हणजे वाईट नाही, आणि मी अजून हात कुठं लावलाय? बरं, इंजिन बांधलं कुणी? — आठवत नाही? गाडीचं काळीज ज्याच्या हातात दिलं त्याचं नाव आठवत नाही, वा.

नका सांगू. हे बोल्ट बघा, प्रत्येकावर लाल रेघ आहे ना? नेलपॉलिश आहे ते. बोल्ट मापात आवळला की त्याच्या डोक्यावरून खाली इंजिनपर्यंत रेघ ओढायची — ढिला झाला की रेघ तुटते, लांबून कळतं. ही पद्धत गावात दोघांचीच. एक मी, दुसरी माझी थोरली, मागच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज थाटलंय तिनं, नऊ महिने झाले. डायनो, म्हणजे हे ताकद मोजायचं मशीन, नाही तिच्याकडे, म्हणून तुम्हाला इकडं पिटाळलं, आणि बाबांना सांगू नका असंही बजावलं असेल. मान हलवू नका, तुम्हाला खोटं जमत नाही.

आता हा आकडा बघा — पेट्रोल जास्त जातंय. मुद्दाम ठेवलंय तिनं. जास्त झालं तर इंजिन नुसतं खोकतं, कमी पडलं तर पिस्टन जळतो. तुम्ही इथवर सुखरूप यावं म्हणून ही सोय. शहाणी आहे. माझ्याएवढी नाही — आहे, माझ्यापेक्षा जास्तच आहे. गेल्या वर्षी याच रोलरवर एक गाडी होती, थोरली पडद्याकडे बघून म्हणाली, बाबा थांबवा, पेट्रोल कमी पडतंय. मी म्हटलं, माझे कान तीस वर्षं चालताहेत, तुझा पडदा कालचा. पिस्टनला भोक. आणि गिऱ्हाइकासमोर मी काय बोललो असेन? — हिनं बोल्ट नीट आवळले नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं. सगळ्या रेघा शाबूत होत्या हो. तिनं त्यांच्यावरून एकदा बोट फिरवलं, पाना जागेवर ठेवला आणि गेली. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे सगळं? सरका, पेट्रोलचा जेट बदलून बारीक लावू द्या.

हं. पंचवीस. आता जरा हसा की — मित्रांना सांगताना पस्तीसच सांगा, मी कुठं येतोय ऐकायला. थांबा, पट्टे सोडू नका अजून. मघापासून मी मनातल्या मनात खूश होतो — या शेवटच्या बोल्टाला रेघ नाही. म्हटलं, सापडली चूक, विसरल्या बाईसाहेब. जरा तो लांब पाना द्या, मापाचा. — ऐकलंत? कट् वाजला, म्हणजे माप भरलं. बोल्ट तसूभर हलला नाही. म्हणजे आवळलाय बरोबर, रेघ तेवढी नाही.

विसरलेली नाही ती. आमच्याकडे नियम होता — एकानं सगळं आवळायचं आणि शेवटच्या बोल्टाची रेघ सोडायची, ती दुसऱ्यानं तपासून ओढायची. मीच लावला होता नियम, ती दहावीत असताना. माझ्यासाठी सोडलीय तिनं.

त्या खणात बघा, मागे, चिंध्यांच्या खाली लाल बाटली असेल, तिचीच आहे. वाळली असेल तर राहू द्या, मी बघतो काय ते. आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा जरा, इथं आवाज फार होतो. — हो, मशीन बंद आहे, दिसतंय मला. बसा बाहेर.