आरोहीचं वजन कशानं वाढलं

हॅलो?… कोण, आरोही?… अगं बोल की, आईच हाय तुझी. आण्णांचा फोन मीच उचलला… त्यांना काय धाड भरलीया? दारात उन्हाला बसून पेपर वाचतेत. तू बोल. जेवलीस का?

…

नुसतं 'हो' नगं. काय जेवलीस ते सांग… अर्धी भाकरी. आन्‌?… काकडी. आन्‌?… आन्‌ काय न्हाई?

अगं सातवा लागलाय तुला! अर्ध्या भाकरीवर चिमणी तरी उठंल का?… न्हाई, मी वरडत न्हाई. ह्यो माझा साधाच आवाज हाय.

सासूबाई करून घालत न्हाईत का?… सगळं करतेत. मग?… तूच ताट सरकवतीस. व्हय, म्हाईत हाय मला. जावईबापूंचा फोन आल्ता सकाळी वर्कशॉपमधनं. 'मामी, आठ दिस झालं ही नीट जेवत न्हाई, इचारलं की गप बसती'… आता त्येंच्यावर चिडू नगंस! काळजीनं केला त्येंनी. चुगली म्हणत न्हाईत त्याला.

सांग. काय झालंय?

…

कंच्या डॉक्टरबाई? कुर्डुवाडीच्याच, नेहमीच्या?… हं… वजन लई वाढलंय म्हणाल्या. बरं… हं… आईचं वजन असं भराभर वाढलं तर लेकराचंबी पुढं वाढू शकतं. मोठं झाल्यावरबी… हं, हं. आन्‌ तू ते धरून बसलीस.

अगं ऐक… अगं ऐक ना, रडतीस कशाला? आधी नाक पूस.

…

व्हय. आठवतंय की. शाळेत पोरं तुला 'गाठोडं' म्हणायची… गॅदरिंगच्या नाचात मागच्या रांगेत उभं केलं म्हणून घरी येऊन घागरा फेकून दिल्तास… कशी इसरीन ग? तुझ्यापेक्षा मलाच जास्त लागलं हुतं ते.

म्हंजी तुझ्या लेकराला कुणी तसं म्हणू ने, म्हणून तू आत्तापासनंच उपाशी बसलीस. व्हय की न्हाई?

…

बरं. पण वाढलं तरी किती?… चार किलो? पंधरा दिसात? अगं चार किलो वाढायला दिसरात तोंड चालू ठेवाय पायजे. काय खात हुतीस?… नेहमीचंच. मग?

वजन केलं कवा?… शुक्रवारी… आँ? शुक्रवारी तर तू वैरागला गेल्तीस की, सोनामावशीकडं. माझ्या बहिणीनं त्या दिशी तुझी ओटी भरली. हिरव्या साडीतला फोटो तूच धाडलास मला… तिकडनं परभारं दवाखान्यात?… तशीच?

थांब. ओटी कुटं हुती?

आरोही, ओटी कुटं हुती?

पदरात!… काट्यावर चढतानाबी पदरात?

अगं माझे बाई!… व्हय, व्हय, भरलेली ओटी घरच्या देवापुढं न्हेईस्तोवर खाली ठेवू ने, मावशीनंच बजावलं असंल. पण नर्स तरी काय बोलली न्हाई?… वरनं शाल. मग काय! तिला वाटलं समदं पोटच हाय!

अवो… अवो, ठेवा तो पेपर! लेक ओटीसकट काट्यावर चढली!… हसू नका मोठ्यानं, तिला ऐकू जातंय.

आण्णा हसतेत ग, मी न्हाई… बरं, मीबी हसतीय… तूबी हसलीस की! ऐकलं मी.

सोनामावशीची ओटी म्हंजी चेष्टा हाय का? मापभर गहू म्हणलं की दोन मापं वतती. नारळ, खोबऱ्याच्या वाट्या. पाच फळं म्हणून पाच डाळिंबं, एकेक हे एवढं. आन्‌ समदं तू आपल्या नावावर चढवून घेतलंस!

…

काय?… ते सोडलं तरी डॉक्टरबाई म्हणाल्या ते खरंच हाय?

आसंल की. शिकलेल्या बाई हायत, उगाच कशाला म्हणतील? पण निस्त्या आईच्या वजनावरच समदं ठरतं, असं म्हणाल्या का?… न्हाई न्हवं. उपाशी राहा म्हणाल्या?… न्हाई. मग काय म्हणाल्या?… गोड-तळलेलं बेतानं, रोज जरा चालायचं, साधं पोटभर जेवायचं. आन्‌ तू त्यातलं पोटभरच तेवढं गाळलंस!

आता माझंच बघ. तुझ्या येळेला मला पाणीबी पचत न्हवतं. काडी झाल्ते निस्ती. तरी तू शाळेत जाईस्तोवर अशी गुबगुबीत झालीस. ऋतुराजच्या येळेला मी दिसंल ते खाल्लं, आन्‌ तुझा भाऊ बघ, हँगरला शर्ट अडकवल्यागत हिंडतोय… अगं न्हाई, माझ्यावरनं कायदा काढू नगंस, दोनच तर लेकरं झाली मला. डॉक्टरबाईंनी शेकड्यानं बघितलेत. त्येंचंच ऐक. पण पुरतं ऐक.

उद्या परत जा. मोकळ्या पदरानं जा. वजन कर, काय खायचं ते नीट इचारून घे. मीबी लाडू धाडायचं बंद करते… केलं म्हणलं न्हवं!… बरं, चारच धाडते. ते जावईबापूंना.

…

काय म्हणलीस? मोठ्यानं बोल, ऐकू येईना.

…

तरीबी झालंच जाड तर?

…

तर होऊ दे की. तुझंच हाय न्हवं? घेशील उचलून. मी तुला उचलली न्हाई का? गड्ड्याच्या जत्रंत पाय दुखतेत म्हणून रस्त्यातच बसलीस. चांगली पहिलीत हुतीस. कडेवर घेऊन समदी जत्रा फिरले. आण्णा म्हणाले, 'उतरव आता तिला.' म्या न्हाई उतरवली… व्हय, हात भरून आल्ते. भरून आल्ते की. पण तू मला कवा जड झाली न्हाईस ग पोरी. एकदाबी न्हाई.

…

आरोही?… कसला आवाज येतोय? भांड्याचा?… वाढून घेतीयास?… आमटी-भाकरी. अख्खी घेतलीस?… मग चुरून घे, आन्‌ फोन ठेवू नगंस. स्पीकरवर टाक, बाजूला ठेव. तू जेव. मी काय बोलत न्हाई.

…

…

सावकाश.

…

घोटभर पाणी पी.

…

…

हॅलो?… आरोही?… हॅलो?… कट झाला वाटतं.

अवो… जेवली पोरगी. आता वाढा माझंबी ताट.