विनीची बाद झालेली बरणी

यॉर्कशरमधल्या आमच्या गावच्या जॅम-भाजी प्रदर्शनात, चहाच्या रांगेत माझ्यापुढे नुकतीच बायको वारलेला म्हातारा विल्फ बरणी घेऊन शेजारणीशी बोलत होता.

"हिल्डा, विनीनं जाण्याआधी केलेला हा जॅम. यावर ‘डिस्क्वालिफाइड’ची चिठ्ठी! इतका वाईट झाला होता?"

"अरे बाबा, वाईट ठरवायला आधी चाखावा लागतो. तू दुकानाच्या छापाचं झाकण लावलंस. नियमात बसत नाही, म्हणून स्पर्धेतूनच बाद."

"म्हणजे विनी हरली नाही?"

"हरायला तरी कुणी चमचा बुडवायला हवा ना!"

"मग कसा झालाय, ते कळणार कसं?"

माझ्यामागून परीक्षकबाई म्हणाल्या, "तिथं मला हात लावता येत नव्हता, आजोबा. रांगेत कसले नियम? उघडा."

विल्फनं टोपी काढली.

"थांबा बाई. विनी प्रार्थनेशिवाय चाखू द्यायची नाही."