चावी मर्लने काढली होती

हॅलो? ग्लेन ऑटो इलेक्ट्रिक… कोण, मर्ल? अगं, शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आत तुझा फोन? … बरं. बरं. हळू बोल.

परत बंद पडली? … कितव्यांदा? … तिसऱ्यांदा. हं.

नाही गं, हसत नाहीये. तोंडात टोस्ट आहे.

ऐक… अगं ऐक ना. डॅरिल काय म्हणतो ते नंतर सांग. आधी मोटरसायकल काय म्हणते ते सांग. … हो, माहितीये तुझा मुलगा आहे. तरी नंतर.

मागच्या शुक्रवारी बॅटरी पूर्ण भरलीस, सोमवारी सकाळी खटका दाबला तर टक् नाही की टुक् नाही. बरोबर? … आणि तू म्हणतेस चावी काढली होती. … बरं बाई, तू म्हणत नाहीस, काढलीच होती. फ्रिजवरच्या कपात ठेवली होती. ठीक.

कसली परीक्षा? … गुरुवारी? डॉक्टरकडे? … आज तारीख काय, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा. आपल्या आईला विचारलं होतं तेच. … हो. आठवतंय मला. आई तेव्हा साखर फ्रिजमध्ये ठेवायची.

मर्ल. … मर्ल, रडू नकोस. मला रडणाऱ्या माणसाची वायरिंग तपासता येत नाही.

म्हणजे गोष्ट अशी, की बॅटरी चावी राहिल्यामुळे मरत असेल तर तू विसरतेस. आणि गुरुवारपासून तू स्वयंपाकघरात, डॅरिल मोटरसायकलवर मेंढ्यांमागे. असंच ना? … आणि येत्या सोमवारी लोकर कापणारे येणार, मागच्या रानातून मेंढ्या आजच आणायच्यात. … समजलं.

फोन शेडमध्ये नेलास? लाउडस्पीकरवर टाक, बाकावर ठेव. मीटर आहे? मी नाताळला दिलेला, पिवळा? … खोक्यातच आहे. वा. म्हणजे सहा महिने नाताळच चालू आहे तुझ्याकडे.

आधी एक सांग. रात्री कशाने चार्ज केलीस? दारामागचा तो जुना, हिरवा चार्जर नाही ना? … शाबास. तो शिशाच्या बॅटरीचा. तुझ्या या लिथियमला लावलास तर मारून टाकेल, आणि वर शेडही पेटवेल. … बॅटरी फुगलीय का? बाजूंनी पोट आलंय? … नाही. कडा सरळ. वास? … मेंढ्यांचा. तो सोड.

आता मीटरच्या दांड्या लाव. लाल लालला, काळी काळीला. किती? … तेरा पूर्णांक एक. काल रात्री चार्जर काढलास तेव्हा? … तेरा पूर्णांक चार. हं. रात्रीत थोडी उतरलीय. … नाही, खूप नाही. पण या बॅटऱ्या लबाड असतात. शिशाची कशी, आधी कण्हते, दिवा पिवळा पडतो, मग मरते. ही शेवटपर्यंत तोंड हसरं ठेवते आणि एकदम मान टाकते. … हो, आपल्या बाबांसारखी. खरंय.

सुरू कर. … झाली? ऐकू येतंय. आता रेस वाढव, पाच हजारावर धर. आकडा? … ओरडून सांग! … चौदा पूर्णांक दोन? हलतोय का? … स्थिर. बंद कर, बंद कर.

चार्जिंग उत्तम आहे. पंधराच्या वर गेला असता तर रेग्युलेटर गेला म्हटलं असतं, तेराच्या खाली राहिला असता तर इंजिनातली कॉइल जळाली म्हटलं असतं. दोन्ही ठणठणीत. … डॅरिल म्हणतो कॉइल जळाली? डॅरिलला म्हणावं, तू लोकर काप.

म्हणजे बॅटरी भरते नीट. मग कुणीतरी उभ्या गाडीत पितंय तिला.

आता नीट ऐक. चावी काढ. … काढलीस? कुठे ठेवलीस? … खिशात. मला सांगितलंस, मी साक्षीदार.

काळी वायर बॅटरीवरून सोडव. फक्त काळी. मीटरची लाल दांडी उचलून दुसऱ्या भोकात घाल, दहा लिहिलंय तिथे. बटण अँपियरवर. आता एक दांडी सुटलेल्या वायरला, एक बॅटरीच्या काळ्या टोकाला. म्हणजे जे काही वाहतंय ते मीटरमधून… अगं, खिशात हात कशाला घालतेस? चावीचा आवाज आला मला! चावी लावू नकोस! … मीटर उडाला असता. … हो, ओरडलो. सॉरी.

वाच. … शून्य पूर्णांक शून्य आठ.

परत वाच. … हं.

नाही, लहान नाहीये तो. चावी काढल्यावर तिथे जवळजवळ शून्य हवं, घड्याळापुरतं काय ते. तुझी बॅटरी पाण्याच्या बाटलीएवढी. एवढं गळलं तर अडीच दिवसांत ठार. शुक्रवार ते सोमवार. … हो. हो, मर्ल. चावी काढलेली असताना.

थांब, अजून आनंद करू नकोस. कोण पितंय ते बघू. सीट वर कर. बॅटरीच्या लाल टोकाला किती वायरी? … एक जाड. आणि एक बारीक? ती आपली नाही. तिच्यामागे जा, बोटाने. … चाकावरच्या पत्र्याखाली. काय आहे? … काळी डबी. काड्यापेटीएवढी. त्यावर काही लिहिलंय? चष्मा लाव.

…

उपग्रह. हं.

अगं, गाडी कुठे आहे ते दाखवते ती. तिकडे फोनच्या पडद्यावर ठिपका दिसतो. रानात बरी चालते. पण तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये तिला आकाश दिसत नाही, मग रात्रभर शोधत बसते. त्यात बॅटरी संपते. … चोरांसाठी? तुझ्याकडे शेवटचा चोर कधी आला होता? … तेच म्हणतो मी.

वायरवर फ्यूज आहे का? … बॅटरीपासून वीतभर अंतरावर. वर निळी टेप.

…

निळी. निळीच असणार.

मर्ल, आपल्याकडे सगळे असंच करतात. गाडीतला फ्रिज असो, रात्री रस्त्यात कांगारू दिसावेत म्हणून लावलेले दिवे असोत, थेट बॅटरीला जोडतात. … नाही, तेच सांगतोय. महिन्यापूर्वी डॅरिलचा फोन आला होता. मामा, चावी काढल्यावरही चालू राहायला वायर कुठे जोडू? मी म्हटलं, थेट बॅटरीला, वीतभर अंतरावर फ्यूज घाल. निळी टेपही मीच पाठवली. कशाला हवंय, ते विचारलं नाही. … नाही, ते खोटं आहे. विचारलं. तो म्हणाला, आईची काळजी वाटते. आणि मी म्हटलं… मी म्हटलं, हो रे, हल्ली तेच तेच सांगते ती.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही दोघांनी.

चुकलं माझं. … मर्ल? … शिवी दे. … मर्ल, काय करतेस? पान्याचा आवाज येतोय.

काढलीस डबी? लाल टोक घट्ट केलंस? मग काळी… हां. … अगं, हेल्मेट तर… रेस इतकी नको देऊस, दार उघडं आहे ना? मर्ल! फोन तरी ठेव!

…

हॅलो?

…

हॅलो, मर्ल? … कोण, डॅरिल? … अरे, मला काय विचारतोस, तुझ्या पडद्यात बघ. … ठिपका शेडमध्येच आहे म्हणतोस? बाकावर बघ, फोनशेजारी. काळी डबी. … हं. तीच.

मागच्या रानात गेली असेल, मेंढ्या आणायला. … नाही, चुकणार नाही. तुला ती वाट दाखवली कुणी?

डॉक्टरला फोन कर, गुरुवारचं रद्द कर. … का म्हणजे? मीटरने सांगितलंय. चावी तिने काढली होती. … तिन्ही वेळा, डॅरिल.

आणि जाऊन फाटक उघडून उभा राहा. दोन हजार मेंढ्या घेऊन येतेय ती. … हो. सॉरी म्हणायलाही तिथेच उभा राहा. मी आज दुकान बंदच ठेवून निघतो, दुपारपर्यंत पोचेन.

ठेव आता.