गोलपोस्टचे ड्रम

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्हा तिघांना डोळे मिटून बसवलं होतं. शेजारच्या बाई आणि गृहस्थ एकमेकांना न बघताच गप्पा मारत होते.

"सैन्यात जेसीबी चालवायचो, ताई. लढाई संपल्यावर टेकडीखालच्या गावात पोरांना मैदान करून दिलं आम्ही."

"शाळेमागचं? अहो, ते माझंच गाव! माझा नातू रोज तिथं खेळतो."

"काय सांगता! मैदान बरंय ना?"

"झकास आहे. फक्त गोलपोस्टसाठी खड्डे घेऊ देत नाहीत. सिमेंटच्या ड्रमात उभे केलेत. खाली सुरुंग आहेत म्हणे."

"सुरुंग असते तर मी वर जेसीबी फिरवला असता का?"

"मग खोदायचं का नाही?"

"साहेबांनी तोंड उघडायचं नाही म्हणून दम दिला होता. ताई, तुमचं कुणी... तेव्हापासून बेपत्ता आहे का?"

"माझा मुलगा. गल्लीतली सगळी तरणी पोरं सीमेपलीकडे पळाली, असं तुमच्या साहेबांनीच सांगितलं. कधीतरी परत येईल म्हणून मी अजून दाराला कडी लावत नाही. भाऊ, बोला ना. काय आहे खाली?"

"ताई, आजपासून कडी लावत जा."