शेवंताबाईंचा आवाज

आमची कॅसेट कंपनी म्हणजे कोल्हापुरात दोन खोल्या आणि मी. सीडीचे दिवस आले, तशी शेवंताबाईंची भीमगीतं सीडीवर काढायची ठरवली. घशाच्या ऑपरेशननंतर बाईंचा आवाज गेला होता. तो फक्त आमच्या मूळ टेपवर उरला होता. डबा उघडला, तर टेपला बुरशी. लोकांकडच्या कॅसेटी ऐकून ऐकून घासलेल्या.

शेवटी शिरोळच्या बाजारात गेलो. तिथं एकजण आमच्या कॅसेटींच्या चोरून नकला विकायचा. पूर्वी मी भर बाजारात त्याचा गाडा उलथवला होता.

"परत उलथवायला आलाय व्हय, मालक?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यानं पेटीतून प्लास्टिकात गुंडाळलेली कॅसेट काढली.

"तुमचीच हाय. इकत घेतलेली. नकला काढायच्या तर एक अस्सल जपावी लागती की!"

त्यानं ती लावली. बाईंचा आवाज अगदी स्वच्छ आला. मी गाड्याला टेकून खालीच बसलो.

"न्या," तो म्हणाला. "पर पयली सीडी मला द्यायची. म्होरं मी धंदा कशावर करू?"

सीडी निघाली. पहिली बाईंना दिली, दुसरी त्याला.