पांढऱ्या ताटातला भात

सकाळी सव्वादहा. गोंदियातला मेंदूविकारांचा दवाखाना. बाकावर गोरेगावचे मनीराम, त्यांची सून योगेश्वरी आणि कुडव्याच्या सुशिलाबाई. मनीरामांचा उजवा हात थरथरत होता.

"पार्किन्सन का जी, भाऊ?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"चार साल झाले. तुमचं कोन हाय?"

"आमचे यजमान. त्यांनाही तेच. आत तपासणी चालू आहे. अर्धा भात टाकून उठतात, वाळून गेले."

"पांढऱ्या ताटात वाढता का?"

"हो. काऊन?"

"मलेबी तसंच वाढत. पांढऱ्यावर पांढरा भात दिसतच नव्हता जी. संपला समजून उठून जात होतो."

"चष्मा नाही बदलला?"

"डोळे चांगले हायेत. या बिमारीत तसं होते म्हने. घरी बुढी, माही बायको, म्हने, सुनेच्या हातचं आवडत नाही तुमाले. ही सून महिनाभर रडली."

"मग?"

"एका लग्नात पळसाच्या पत्रावळीवर सगळा भात खाल्ला. बुढीनं टोमना मारला, 'लोकाइचं बरं गोड लागते!' हिनं मात्र पत्रावळीचा रंग पाहिला. दुसऱ्या दिवशी घरी तशाच पत्रावळीवर वाढलं."

"मामाजी, पुरे ना आता," योगेश्वरी सासऱ्यांना म्हणाली.

"काऊन पुरे? पोरी, तुह्यामुळं पोटभर जेवून राहिलो."

सुशिलाबाईंनी तपासणीच्या दाराकडे पाहिलं.

"काल मी त्यांच्यासमोरून ताट ओढून नेलं जी. म्हटलं, नखरे कमी करा."

"मालूम नव्हतं तुमाले."

"पत्रावळी कुठं भेटतील?"

"समोरच, पूजेच्या दुकानात."

"पिशवी पाहशील का, बेटा? हे आले तर बसवून ठेव."

पावणेअकराला एक वाळलेले गृहस्थ बाहेर आले. नर्सनं विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे?"

"आहेत," योगेश्वरी म्हणाली, "पत्रावळी आणायला गेल्या आहेत."