अर्ध्या गोळीचा निरोप

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टर मॅडम, व्यासपीठावर बसलेले अधीक्षक साहेब, मेट्रनबाई, औषध विभागातले माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेल्या मित्रांनो,

तुमच्या चहाच्या आड मी फार वेळ येणार नाही. एकतीस वर्षं औषधांच्या खिडकीआडून बोललो. आज समोर इतकी माणसं आणि मध्ये काच नाही, तेव्हा जीभ जरा अडखळेल.

मघाशी माझं पूर्ण नाव पुकारलं तेव्हा निम्मं सभागृह इकडेतिकडे बघायला लागलं. साहजिक आहे, मला सगळे ‘अर्धी गोळी’ म्हणूनच ओळखतात. चिठ्ठी आली की मी मूत्रपिंडाचा रिपोर्ट मागणार आणि पुष्कळदा डोस निम्मा करा म्हणून ती परत पाठवणार. मॅडम, तुमची एक चिठ्ठी मी तीनदा परत पाठवली होती. तुम्ही फोनवर कडाडलात, "डॉक्टर मी आहे की तुम्ही?" मी म्हटलं, "डॉक्टर तुम्हीच, पण मूत्रपिंडं त्या आजींची आहेत." फोन आपटलात. दहा मिनिटांनी चौथी चिठ्ठी आली, डोस निम्मा. त्या मोठेपणाबद्दल आज सर्वांदेखत आभार मानतो.

लोक विचारतात, एवढा कसला हट्ट? अहो, गोळी पोटात गेली म्हणजे झालं असं नसतं, ती अंगाबाहेरही जावी लागते. कितीतरी औषधं बाहेर काढायचं काम मूत्रपिंडं करतात. मोरी तुंबलेली असताना नळ तेवढाच सोडला तर काय होईल? सकाळची गोळी अजून अंगात, तिच्यावर दुपारची, तिच्यावर रात्रीची. औषध चांगलंच असतं हो, पण साचत जातं आणि बाधतं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही... आता उभा राहिलोच आहे तर सांगून टाकतो.

सहा वर्षांपूर्वी बायकोला नागीण झाली. पाठीपासून पोटापर्यंत नुसती आग. तिची मूत्रपिंडं आधीच थकलेली होती, आणि हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुखण्यावरची गोळी सांगितली, दिवसातून तीनदा. मूत्रपिंडांचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. परक्या कुणाची चिठ्ठी असती तर चारदा परत पाठवली असती. पण इथे खिडकी नव्हती, चिठ्ठी नव्हती. रिपोर्ट कपाटातल्या फायलीत होता आणि ती फाईल मी उघडलीच नाही. घरचं माणूस म्हटलं की आपण सगळं गृहीत धरतो.

दुसऱ्या दिवशी ती गाढ झोपली. मला कोण आनंद झाला! म्हटलं, औषध लागू पडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी उठवायला गेलो, तर म्हणाली, "खिडकी बंद करा, रांग आत येतेय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण?" तेव्हा कुठे मी ती फाईल उघडली.

ती वाचली. इथेच, मॅडमच्या देखरेखीखाली, मशीनवर रक्त शुद्ध करून. मॅडमनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि बाहेरही कुणाला कळू दिलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बायकोही रागावली नाही. फक्त त्या दिवसापासून गोळी हातात घेतली की विचारायची, "बघितलंत ना?" कधी थट्टेने, कधी खरंच घाबरून. मी म्हणायचो, "बघितलं." मग गिळायची. चार वर्षं असं चाललं. दोन वर्षांपूर्वी तिचं हृदय थांबलं. कुठल्या गोळीमुळे नाही, मी सगळे कागद तीनदा तपासलेत.

आता घरी मी एकटाच. माझीही मूत्रपिंडं कुरकुरायला लागलीत, त्यामुळे माझीच गोळी अर्धी झाली आहे. हसा, हसा, मीही हसलो होतो. पण सांगायला कुणी नव्हतं. जेवण झालं की ओट्यापाशी उभा राहून गोळी घेतो आणि मोठ्याने म्हणतो, "बघितलं." विचारलेलं नसतं कुणीच. इथे दिवसभर मी दुसऱ्यांना विचारत होतो, त्यावर निभावून नेलं. उद्यापासून तेही नाही, आणि खरं सांगतो, मला त्या घराची भीती वाटते.

असो. हे सुंदर घड्याळ दिलंत, एकतीस वर्षं सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. औषधातली चूक मात्र कुणाचीही पोटात घालू नका, घरच्यांची तर नाहीच.

आणि एक मागणं आहे. या घड्याळात रात्रीचे आठ वाजले की कुणीतरी मला फोन करा. रोज नको, आठवड्यातून एकदा केला तरी चालेल. तब्येत विचारू नका, वेळ कसा जातो ते तर मुळीच विचारू नका. फक्त म्हणा, "बघितलंत ना?" मी "बघितलं" म्हणेन, आणि मग गोळी घेईन.